बाबूच्या खेळातले तीन नकार

नाचणे रोडला दादू शिंप्याच्या दुकानाला लागून एक कॉम्प्युटरचा क्लास होता. तिथे शिकवणारा चिंतामणी बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे कधी बघत नसे, बघायचा तो खांद्याकडे. त्यामुळे कुणाच्या सदऱ्याची शिवण उसवली आहे हे दादू शिंप्याच्या आधी चिंतामणीला कळायचं. तिशी ओलांडली, पुढचे केस मागे सरले, पण नजर काही खांद्याच्या वर चढली नाही.

हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. स्वतःची टिंगल करण्यात त्याचा हात कुणी धरला नसता. "माझं स्थळ कुणाला सुचवशील तर आधीच सांगून ठेव," असं तो आत्याला म्हणायचा, "मुलगा खांद्यांचा अभ्यास करतो म्हणून." आत्या म्हणजे चिमाआत्या. आईच्या माघारी तिनेच त्याला वाढवलेला. शाळा तिची दुसरीपर्यंत, पण माणूस बघितला की त्याच्या पोटातलं ओठावर यायच्या आधी तिला समजायचं. तिने त्याला मुली बघायलाही नेला होता. हा पोह्यांकडे बघून परत यायचा. एका ठिकाणी मुलगीच धीट निघाली. तिने विचारलं, "तुम्हाला काही विचारायचंय का?" ह्याने बराच विचार केला आणि म्हणाला, "पोहे जाड आहेत का पातळ?" पोहे समोर बशीत होते. चार घास त्याच्या पोटातही गेले होते.

तर २००५च्या मे महिन्यात मुंबईहून मावसभाऊ सलिल आंबे खायला आला, आणि जाताना चिंतामणीला एक सीडी देऊन गेला. जपान्यांनी केलेला खेळ, कुणी तरी इंग्रजीत आणलेला. खेळ म्हणजे त्यात गाड्या उडत नाहीत की गोळ्या सुटत नाहीत. पडद्यावर एक चित्र येतं, खाली दोन ओळी येतात, त्या वाचायच्या आणि पुढे जायचं. मध्येच गोष्ट थांबते आणि विचारते, आता काय बोलणार? खाली तीन उत्तरं लिहिलेली असतात. त्यातलं एक आपण निवडायचं, मग गोष्ट त्या वाटेने चालू लागते.

त्या गोष्टीत एक मुलगी होती. कुणी हाक मारली की ती पुस्तकाआड तोंड लपवायची. एक मुलगा होता, त्याच्या ओळीत "नमस्कार" यायच्या आधी चारदा नुसते ठिपकेच उमटायचे. चिंतामणीने ते बघितलं आणि खुर्ची पुढे ओढली. आपली जात जपानातही आहे हे त्याला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. आणि गंमत अशी की ह्या असल्या मुखदुर्बळ माणसांसाठी ती गोष्ट थांबायची. उत्तरांची चौकट पडद्यावर उभी राहायची आणि तुम्ही चहा पिऊन आलात तरी उभीच असायची. नाचणे रोडवर असं कुणी थांबतं होय? इथे "कसे आहात" विचारणारा उत्तर येईपर्यंत मारुती मंदिराला पोचलेला असतो.

एक फरक मात्र होता. जपानी मुलगी लाजली की तिच्या गालावर दोन गुलाबी रेघा यायच्या आणि ती आणखी गोड दिसायची. चिंतामणी लाजला की त्याचे कान जांभळे व्हायचे आणि नाकाच्या शेंड्यावर घाम यायचा. "आमचं चित्र काढणाऱ्याने रंगात काटकसर केली," असं तो म्हणायचा.

लाजायचं कारण क्लासातच होतं. हेमा तिथे मुलींना टायपिंग आणि हिशेब शिकवायची. हातखंब्याहून एसटीने यायची, बोलायला चोख, हसायला मोकळी. चिंतामणीला तिच्या दोन्ही खांद्यांची पूर्ण माहिती होती. डाव्या खांद्यावर पर्सचा पट्टा, उजव्यावर वेणी. ह्यापलीकडे अडीच वर्षांत ओळख गेली नव्हती.

म्हणजे, एकदा गेली होती. शिमग्याची सुट्टी संपवून तो आला, तेव्हा हेमाने सहज विचारलं, "गावाला पालखी झाली का, सर?" आणि कसं कोण जाणे, ह्याचं तोंड उघडलं. पालखी देवळातून निघायच्या आधी एकाने गावाच्या वतीने देवाला मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं, आणि प्रत्येक मागण्याला जमलेल्या माणसांनी "होय महाराजा" म्हणायचं, ही आपल्याकडची रीत. तो मान चिंतामणीच्या घराकडे होता. वडील गेले आणि मान ह्याच्या गळ्यात पडला.

"माझा आवाज पहिल्या रांगेपलीकडे जात नाही," तो हेमाच्या खांद्याला सांगू लागला. "मागचे लोक अंदाजाने होय महाराजा म्हणतात. ह्या वर्षी मधेच हातातला नारळ पडला. मी म्हटलं, थांबा जरा. तर सगळा गाव म्हणाला, होय महाराजा."

हेमा एवढी हसली की तिला टेबलाचा आधार घ्यावा लागला. त्या रात्री चिंतामणी जेवताना भातावर आमटीऐवजी ताक ओतून जेवला आणि त्याला ते समजलंही नाही. आत्याला समजलं. तिने आमटीचं भांडं उचलून ठेवलं.

पुढच्या वर्षी, २००६च्या फेब्रुवारीत, हेमाने सांगितलं की तिला पनवेलला नोकरी लागली आहे. मार्चअखेर ती क्लास सोडणार. ऐकल्यावर चिंतामणी म्हणाला, "अरे वा." मग पुन्हा म्हणाला, "अरे वा." तिसऱ्यांदा म्हणायच्या आत तो पाणी प्यायला उठला.

बोलायचं तर आता, नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं. पण तोंडाने ते होणं नाही हेही कळत होतं. तेव्हा त्याने ठरवलं, खेळ करायचा. तसाच, मराठीत. जे आपल्याला बोलता येत नाही ते पडद्यावरचा माणूस बोलेल. असे खेळ करायचा प्रोग्रॅम इंटरनेटवर फुकट मिळत होता, तो त्याने उतरवून घेतला. चित्रं माऊसने काढली. नायकाचं नाव ठेवलं बाबू. बाबूला त्याने आपलंच सगळं दिलं, जांभळे कान, नाकावरचा घाम, खांद्यावरची नजर. नायिकेचं नाव ठेवायची हिंमत झाली नाही, म्हणून तिचं नाव नुसतं "मॅडम". चेहरा काढायचीही झाली नाही, म्हणून ती सबंध खेळभर पाठमोरीच उभी.

चिमाआत्याने एकदा मागे उभं राहून बघितलं. अक्षर अक्षर लावत पहिलं पान वाचलं.

"हा तूच की रे मेल्या."

"मी कशाला? हा बाबू."

"बाबू तर बाबू. त्याला जरा सरळ उभा कर. पाठीला पोक काढून उभा राहिला तर ती वळून बघेल कशाला?"

चिंतामणीने बाबूला थोडा सरळ केला. स्वतः तसाच बसला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी हेमाचा क्लासातला शेवटचा दिवस होता. साडेचारला तिची पनवेलची एसटी. दुपारी मुलं गेल्यावर चिंतामणी तिच्या टेबलापाशी गेला आणि पाठ केलेलं वाक्य म्हणाला, "मुलांसाठी एक खेळ केलाय. शुद्धलेखन तेवढं तपासून द्याल का?"

"आज?" हेमा म्हणाली.

"छोटा आहे."

ती खेळायला बसली. चिंतामणी मागच्या कोपऱ्यात जाऊन कीबोर्ड उलटा करून त्यातली धूळ झटकू लागला. कीबोर्ड नवा होता, त्यात धूळ नव्हती. माऊसच्या टिकटिकीवरून तो पानं मोजत होता. इथे बाबू छत्री विसरतो. इथे बाबू गाऱ्हाणं घालतो. इथे ती हसली, म्हणजे नारळ पडला. मग बराच वेळ टिकटिक नाही. आता ते पान आलं असणार. बाबू म्हणतो, "मॅडम, मला तुमच्याशी लग्न करायचं आहे." आणि खाली उत्तरांची चौकट.

पुन्हा टिकटिक. मग ती खेळात मागे गेली, त्याच पानावर परत आली, असं दोन-तीनदा झालं.

"सर, इकडे या."

तो गेला.

"शुद्धलेखन बरोबर आहे," हेमा म्हणाली. "हे वाचा."

पडद्यावर त्याच्याच हातची उत्तरं होती. पहिलं, मला घरी जायला उशीर होतोय. दुसरं, तुम्ही स्वभावाने चांगले आहात, पण. तिसरं, मी हे माझ्या भावाला सांगेन.

"मी तिन्ही दाबून बघितली. पहिल्यात बाबू मांडवीच्या किनाऱ्यावर जाऊन शेंगदाणे खातो. दुसऱ्यात भाट्याला जाऊन शेंगदाणे खातो. तिसऱ्यात भाऊ येतो, मग दोघे मिळून शेंगदाणे खातात. समुद्र तीन तऱ्हेचा रंगवलाय तुम्ही. लाटासुद्धा वेगळ्या. चौथं उत्तर कुठाय?"

चिंतामणीने पडद्याकडे बघितलं. खरंच नव्हतं. महिनाभर खपून त्याने तिन्ही नकार नीट कोरले, नकारानंतरचा सूर्यास्त रंगवला, शेंगदाण्याची पुडी काढली. होकाराचं पान लिहायचं राहिलं हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"सुचलं नाही," तो म्हणाला.

"महिनाभरात?"

"तिथवर गोष्ट जाईल असं वाटलं नाही."

"मग बाबूने विचारलंच कशाला?"

त्याचे कान पेटले. हेमा खुर्चीवरून उठली आणि खुर्ची त्याच्यापुढे सरकवली. "लिहा."

तो बसला. बोटं कीबोर्डवर ठेवली, आणि पडदा काळा झाला. पंखा गरगरत मंद होत थांबला. तीन वाजले होते. त्या वर्षी रोज तीनला वीज जायची, नाचणे रोडवरच्या मांजरांनासुद्धा वेळ माहीत होती. वीज गेल्यावर लावायची बॅटरी कधीचीच मेलेली.

"सहाला येईल," चिंतामणी काळ्या पडद्याला म्हणाला.

"माझी गाडी साडेचारला आहे."

"मी मग मेल करतो."

"सर," हेमा म्हणाली, "कॉम्प्युटर बंद आहे, बाबूही बंद आहे. आता तुम्हीच आहात." तो पुन्हा कीबोर्ड झटकू लागला. तेव्हा तिचा आवाज जरा खाली आला. "बोलता येत नाही तर गाऱ्हाणं घाला. ते येतं ना? होय महाराजा म्हणायला माणूस लागतं, ते मी आहे."

तो उठला. काय करावं न सुचून, सवयीने चपला काढल्या, हात जोडले. पुढ्यात देव नव्हता, बंद पडलेला मॉनिटर होता. त्याने सुरुवात केली.

"बा देवा महाराजा, हे तुझं लेकरू आज ह्या जागी उभं आहे."

"होय महाराजा," हेमा म्हणाली.

"त्याला बोलायची अक्कल देताना तू हात आखडता घेतलास, तरी त्याने तक्रार केली नाही."

"होय महाराजा."

"ही समोर उभी आहे, ती आज पनवेलला चालली आहे."

"होय महाराजा." हा होय थोडा बारीक आला.

पुढच्या वाक्यापाशी गाऱ्हाणं अडलं. हेमा थांबली. घाई केली नाही, अंदाजाने होय म्हटलं नाही, नुसती थांबली. चिंतामणीने नजर उचलली. खांदा ओलांडून ती पहिल्यांदाच वर गेली. हेमाच्या भुवईपाशी एक तीळ होता. अडीच वर्षांत त्याला तो माहीतच नव्हता.

आणि गावच्या देवळात कधी लागला नाही असा आवाज लागला.

"तर हिने ह्या येड्याला पदरात घेऊन त्याच्याशी लग्न करावं, अशी बुद्धी हिला दे, महाराजा."

"होय महाराजा," भिंतीपलीकडून दादू शिंप्याचा आवाज आला. त्याचं मशीन पायाचं, वीज गेली तरी चालायचं, पण मघापासून ते बंद होतं हे दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

हेमाने भिंतीकडे बघितलं. "दादू, तुमचं नको हो," ती म्हणाली, "त्यांना माझं ऐकू दे." मग चिंतामणीकडे वळून, गावाच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "होय महाराजा."

साडेचारच्या गाडीवर तो तिला सोडायला गेला. बॅग त्याने उचलली, आणि अर्ध्या रस्त्यात कळलं की चपला क्लासातच राहिल्या आहेत.

लग्न त्याच वर्षी मार्गशीर्षात झालं. घरी बातमी सांगितली तेव्हा आत्या एवढंच म्हणाली, "सरळ उभा राहिलास का मग?"

खेळ तेवढा पुरा व्हायचा राहिला. हेमा अधूनमधून आठवण करून देते, चौथं उत्तर लिहा म्हणून, आणि चिंतामणी म्हणतो, लिहू. बाबू अजून मांडवीला शेंगदाणे खात बसला आहे.