न घेतलेल्या घोड्या

हे मी कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीला नाही. देवापुढेसुद्धा नाही. देव ऐकून घेतो आणि पुढे कोणाच्या तरी अंगात येऊन चार लोकांत बोलतो, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तरी आता काय करणार आहात?

मी चौथी शिकलेली बाई. सरळ लिहायची सवय. पण ही एक गोष्ट सरळ लिहायला घेतली की हात थांबतो — म्हणून आधी जीपचं सांगते.

देवळाली प्रवराच्या शिवारात आमची वस्ती. कालव्याखालचं उसाचं रान. मोठा दुष्काळ पडला त्याच्या आदल्या सालची ही गोष्ट. आमच्या मालकांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, नगरच्या लिलावातून लष्कराने मोडीत काढलेली एक जीप आणली होती. आणली म्हणजे अर्धी वाट चालवत, अर्धी वाट बैल लावून. जीप मालकांच्या नावावर, पण तिच्यात जीव होता माझ्या धाकट्या दिराचा, दत्तू भावजींचा. मिस्त्री राहुरीचा. तो आला की गाडी कमी बघायचा आणि दोन दिवस जेवून जायचा. म्हणून भावजींनी स्वतःच शिकून घेतलं. गोठ्यापुढच्या अंगणात ती जीप उघडायची, पुसायची, पुन्हा जोडायची. साखर कारखान्यात ड्रायव्हरची जागा निघणार होती, तिथे त्यांना शब्द मिळाला होता. संक्रांतीनंतर हजर व्हायचं होतं.

जीप उचलायची तेव्हा चार माणसं बाभळीच्या वाशाने एक बाजू उचलायची आणि पाचवा खाली दगड सारायचा. असं किती दिवस चालणार? भावजी म्हणाले, आपल्याला जॅक पाहिजे आणि घोड्या पाहिजेत. घोड्या म्हणजे लोखंडी तिवया — रुंद पायाच्या, वर खाच असलेल्या. जॅकने गाडी उचलायची, मग तिच्या आसाखाली घोड्या लावायच्या, आणि गाडीचा भार त्यांच्यावर सोडून मगच माणसाने खाली शिरायचं.

तेवढ्यात उसाला तोड आली. दोघा भावांना फडातून हलता येईना. मी बहिणीच्या बाळंतपणाला नगरला निघाले होते. मालक म्हणाले, हिलाच आणू दे, हिला कोणी फसवत नाही.

हे खरं होतं, पण पहिल्यापासून नव्हतं. नवी नवरी असताना एका बोहारणीने माझी जरीची दोन लुगडी घेऊन एक पितळी हंडा दिला होता. त्याच्या बुडाला भोक, भोकाला लाख लावलेली. पहिल्याच दिवशी चुलीवर लाख वितळली आणि पाण्याने चूल विझली. सासूबाई वर्षभर येईल त्याला तो हंडा दाखवायच्या. तेव्हापासून मी माणूस बोलायला लागला की आधी त्याचे डोळे बघते. विकणारा म्हणाला दोन घ्या, की मी एक घेते. म्हणाला ताजं आहे, की वास घेते. पुढे त्याच सासूबाई सांगायला लागल्या, आमच्या थोरलीला बाजारात कोणी बनवू शकत नाही. मला त्याचा गर्व होता. का नसावा? दुसरं काय होतं माझ्याजवळ?

भावजींनी कोळशाने अंगणात चित्र काढून मला सगळं शिकवलं. स्क्रूचा जॅक फिरवून हात दुखतात, तेलाचा घ्या. मानेजवळ तेल पाझरलेलं असेल तर घेऊ नका. त्याच्यावर वजन ठेवून थोडा वेळ बघा, खाली बसतो का. घोडीचा पाया रुंद, पिन जाड, आणि जोड बोटाने चाचपून बघा. मी सगळं पाठ केलं. पोर शाळेत कविता पाठ करतं तसं.

नगरला जुन्या लोखंडाची दुकानं एका ओळीत होती. मी तीन दुकानं नाकारली. एकाने जॅकला नवा रंग फासला होता — नवा रंग कशाला, आत काय झाकलंय? दुसऱ्याच्या जॅकची मान ओली होती. तिसरा मला ताई ताई करायला लागला, तिथून मी लगेच निघाले. चौथ्या दुकानात पिकल्या मिशांचा एक म्हातारा बसला होता, डोक्याला पटका. त्याने ताई म्हटलं नाही, बसा म्हटलं नाही. जॅक पुढे ठेवला. मी म्हटलं, वजन ठेवून दाखवा. त्याने बाहेर पडलेला ट्रकचा सांगाडा एका कोपऱ्याने उचलून दाखवला. मी सांगाड्यामागच्या भिंतीवर खडूने रेघ मारली आणि बसून राहिले. त्याने चहा मागवला, प्यायला, मला विचारलं नाही. रेघ होती तिथेच होती.

जॅक चांगला होता. मी निवडला होता.

मग तो म्हातारा आत गेला आणि चार घोड्या घेऊन आला. मी त्या मागायच्या आधीच. तिथेच माझं मन फिरलं. तो म्हणाला, "बाई, जॅक कितीबी चांगला असू द्या, त्याच्या भरवशावर माणूस खाली घालू नका. जॅक उचलायला, ह्या थांबायला. तेलाचा जॅक कधी ना कधी बसतोच."

आता तुम्हीच सांगा — आपल्याच मालाला नावं ठेवणारा दुकानदार तुम्ही कधी पाहिलाय? माझ्या मनात आलं, जॅक चांगला आहे तर घोड्या कशाला? आणि जॅक बसणारा आहे तर मला विकतोय कशाला? आधी दुखणं गळ्यात घालायचं, मग त्याचंच औषध विकायचं. बोहारणीनेही आधी हंड्याची स्तुती नव्हती केली, आपल्याच दुसऱ्या भांड्याला नावं ठेवली होती. वर तो म्हणाला, ह्या माझ्या जावयाने जोडल्यात, डोळे मिटून घ्या. जावयाने! म्हणजे जावयाचा माल माझ्या माथी मारतोय. आणि डोळे मिटून?

भावजींनीही हेच सांगितलं होतं, हे मला आठवत नव्हतं का? आठवत होतं. पण भावजी पोरसवदा, त्यांनाही एखाद्या विकणाऱ्यानेच असं सांगितलं असणार, असं मी धरलं. मी त्या घोड्यांना हात लावून बघितला. पाया रुंद होता. पिन अंगठ्याएवढी. जोडात कुठे बोट अडकत नव्हतं. मी म्हटलं, नकोत. तो म्हणाला, दोन तरी न्या. दोन तरी! चारावरून दोनावर आला, तेव्हा तर मी पक्कीच झाले. जॅक पोत्यात घालून घेतला आणि निघाले.

एसटीत बसल्यावर राहुरीच्या अलीकडे कुठेतरी पहिली शंका आली. आपलं चुकलं तर नाही? उतरले तर भावजी फाट्यावर बैलगाडी घेऊन उभे होते. पोतं हातात घेतलं, जॅक काढून उलटासुलटा बघितला, खूश झाले. म्हणाले, वैनी, लई बेस माल निवडला. मग विचारलं, घोड्या?

मी म्हणू शकले असते की मला पटलं नाही, नाही घेतल्या. ते हसले असते. म्हणाले असते, वैनीला अख्खं जग चोर दिसतं. एवढंच झालं असतं. दुसऱ्या आठवड्यात ते स्वतः जाऊन घेऊन आले असते. पण माझ्याकडून बाजारात चूक झाली हे माझ्या तोंडून निघेना. मी म्हटलं, संपल्या होत्या. एकाच दुकानात मिळतात, म्हणाला पुढच्या महिन्यात येतील.

हे पहिलं खोटं. असलं खोटं बाई दिवसाला चारदा बोलते.

भावजी थांबले. पंधरा-वीस दिवस थांबले. मग जीपच्या खालच्या बाजूने तेल गळायला लागलं आणि मालकांना पाहुण्यांकडे जायचं होतं. सकाळची वेळ. मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि दारातून अंगण दिसत होतं. भावजींनी जॅक लावून जीप उचलली. आसाखाली बाभळीचा एक ओंडका उभा केला. तो हलत होता, त्यांनी बुडाला खापरी सारली आणि खाली शिरले. मी बघत होते. मला माहीत होतं, घोड्या नगरला आहेत, चार आहेत, कालही होत्या आणि आजही असतील. एक हाक मारली असती तर? तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली.

आवाज मोठा झाला नाही. बैल बसकण मारतो तेवढाच. जॅक बसला, की सारवलेली जमीन दबली, की ओंडका सरकला — कोणी पाहिलं नाही. मी तेव्हा तव्याकडे बघत होते.

गड्यांनी जीप हातांनी उचलली. भावजींचा उजवा कोपर गेला होता. दवाखान्यात हात वाचला, पण तो पुन्हा कधी वाकला नाही. कारखान्यातली जागा दुसऱ्याला गेली. घास तोंडापर्यंत न्यायचा तर डावा हात. घरात चालतं हो, पण पंगतीत? डाव्या हाताने जेवणारा माणूस बघून लोक वाढताना थबकतात, पोरं टक लावतात. ते पंगतीला जाईनासे झाले. लग्न असो, बारसं असो, घरूनच जेवून निघायचे आणि मांडवाबाहेर उभे राहायचे.

इथपर्यंत तुम्ही म्हणाल, बाई चुकली. माणूस चुकतो. थांबा.

मालकांनी सगळा राग त्या जॅकवर काढला. दोन चुलतभावांना घेऊन ते नगरला त्या दुकानात गेले. जॅक म्हाताऱ्याच्या पुढ्यात आदळला. भर बाजारात त्याचा पटका उडवला. सडका माल विकतोस, आमच्या पोराचा हात घालवलास. म्हातारा म्हणाला, माल चांगला होता, आणि बाईंना मी चार घोड्या आणून दाखवल्या, त्याच घेईनात.

मालक परत आले ते तडक चुलीपाशी. सासूबाई होत्या. भावजी खाटेवर होते, हात बांधलेला. सगळ्यांसमोर मालकांनी मला विचारलं, "तो म्हनतो तुला घोड्या दाखवल्या. खरं हाय का?"

मी त्यांच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "खोटं बोलतोय त्यो. लबाड हाय. मला तवाच वाटलं हुतं."

झालं. कोणी दुसरा प्रश्न विचारला नाही. कोण विचारणार? ज्या बाईला बाजारात कोणी बनवू शकत नाही, ती सांगत होती. सासूबाई म्हणाल्या, हिची नजर कधी चुकत न्हाई. तेच आहे माझं पाप. घोड्या घेतल्या नाहीत ते नाही, हाक मारली नाही तेही मी एखादे वेळी पचवलं असतं. पण खरं बोलणाऱ्याला मी लबाड म्हटलं आणि ते सगळ्यांना लगेच पटलं.

मालकांनी राहुरीपासून श्रीरामपूरपर्यंत, जिथे जिथे कोणाकडे जीप नाहीतर ट्रॅक्टर होता, तिथे तिथे त्या दुकानाचं नाव घालवलं. आमच्या भागातलं कोणी पुन्हा त्याच्या पायरीला गेलं नाही.

पाच-सहा वर्षांनी बहिणीकडे गेले असताना तो म्हातारा मला दिसला. दुकान नव्हतं. रस्त्याच्या कडेला गोणपाटावर जुने नटबोल्ट मांडून बसला होता. दुकान माझ्यामुळे गेलं की आणखी कशाने, मला माहीत नाही, मी विचारलं नाही. त्याने मला ओळखलं. मला वाटलं, आता ओरडेल, माणसं गोळा करेल. मी पदर घट्ट धरला. तो एवढंच म्हणाला, "त्यांचा हात कसा हाय, बाई?"

मी मान वळवली. पुढे गेले. आणि चालताना मनात काय आलं सांगू? हा हाताची चौकशी का करतोय, ह्याला काय काढून घ्यायचंय?

घरातही माझं तेच. भावजी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिले की मला वाटायचं, ह्यांना कळलंय. ते माझ्या हातच्या भाजीला बरी म्हणाले तरी मी शब्द तपासायची. नगरचं कोणी पाव्हणं आलं की मी दाराआड उभी राहून ऐकायची. पन्नास वर्षं मी त्या एका माणसावर पाळत ठेवली, आणि त्याने माझ्याशी वाकडा शब्द काढला नाही.

गेल्या मार्गशीर्षात आम्ही दोघं ओट्यावर भुईमुगाच्या शेंगा फोडत होतो. ते डाव्या हाताने दगड मारायचे, मी दाणे निवडायची. मालक जाऊन नऊ वर्षं झाली. सासूबाई केव्हाच गेल्या. घरात दुसरं कोणी नव्हतं. समोर रस्त्याला कोणाची तरी गाडी बंद पडली होती आणि माणसं तिला जॅक लावत होती. भावजी बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "वैनी, तवा मीच घाई केली. घोड्या येस्तोवर दम धरायला पायजे हुता. त्या दुकानदाराचा काय दोष न्हवता."

मला आता कोणाची भीती होती? कोण उरलं होतं मला हसायला?

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. मला वाटलं, हा मला तोलतोय. सगळं ठाऊक आहे ह्याला, आणि आता माझ्या तोंडून वदवून घ्यायला बसलाय.

मी म्हटलं, "व्हय भावजी. घाईच केली तुमी."

त्यांनी मान हलवली, आणि पुढच्या शेंगेवर दगड मारला.

पौषात ते गेले.