बापूंची हजेरी

रात्री दाराला कडी न लावणारा माणूस आमच्या गल्लीत एकच होता, तो म्हणजे बापू. चोराची त्यांना फिकीर नव्हती. म्हणायचे, "चोर आला तं सामान नेईल. कडी अडकली तं जीव जाईल."

आमच्या औंढ्याकडच्या गावांत अधूनमधून जमिनीतून गडगड ऐकू येते, भांडी वाजतात, एखाद्या भिंतीला चीर जाते. आम्ही दोन दिवस त्यावर बोलतो आणि विसरतो. बापू विसरत नसत. त्यांनी माळवदाची माती उतरवून घरावर पत्रे टाकले, तेव्हा आम्ही हसलो. उन्हाळ्यात भाजून निघाल, म्हणालो.

"भाजलेलं माणूस उठून पाणी पितं," बापू म्हणाले. "दबलेलं उठत न्हाई."

ज्वारी अर्धी घरात, अर्धी शेतातल्या खोपीत. देवळीत एकावर एक उपडे लोटे, जरा हललं की खणखणाट. कधी ते मांजर पाडायचं, बापू अख्खी गल्ली बाहेर काढायचे, आणि शिव्या मांजराला सोडून त्यांनाच बसायच्या.

सगळे पारासमोर मोकळ्यात जमले की बापू एकेक नाव घेत. आपण "व्हय" म्हणायचं. पुढे घरंच्या घरं पोटापाण्यासाठी शहरात गेली, बापूंचा लेकही गेला. तरी त्यांची यादी तीच राहिली. नाव घ्यायचे, उत्तराला जरा थांबायचे, मग पुढचं नाव. एकदा मी वैतागले. "बापू, गेलेल्यायला काहून हाका मारून राहिलात?"

"एखादं लेकरू सुटीत आलं असंल, आपल्याला ठावं नसंल तं?"



गुडघे गेले तेव्हा लेकाने त्यांना पुण्याला नेलं, सातव्या मजल्यावर. टीव्हीवर आमच्याकडची बातमी दिसली की तिकडून फोन यायचा. "भाईर आलीस का, माय?" आणि मग सगळी नावं. गल्लीत मी आणि शेजारची म्हातारी एवढ्याच उरलो होतो. बाकीच्या नावांना मी गप्प राहायची.

बापू दिवाळीनंतर तिकडेच वारले. म्हातारी लेकीकडे राहायला गेली.

परवा पुन्हा जमीन हलली. मी बाहेर येऊन पारासमोर उभी राहिले. फोन हातात होता. मी धडधाकट होते आणि ते विचारायला कुणी नव्हतं, याचं फार वाईट वाटलं. बराच वेळ थांबले. मग, कुणी नाव घेतलं नव्हतं तरी, "व्हय" म्हणाले आणि घरात आले.