कितीवाजता ताई

माझ्या नणंदेला हॉस्पिटलात सगळे 'कितीवाजता ताई' म्हणतात. रक्त तपासायच्या लॅबमध्ये त्यांची सव्वीस वर्षं गेली. औषधाचं रक्तातलं प्रमाण मोजायला कुणाची नळी आली, की त्या आधी वॉर्डात फोन लावणार. "गोळी किती वाजता दिली? रक्त किती वाजता काढलं?" गोळी घेतल्या घेतल्या रक्त काढलं तर आकडा उगाच फुगतो, मध्ये निदान सहा-आठ तास जावे लागतात. उत्तर मिळेपर्यंत रिपोर्ट त्यांच्या टेबलावरून हलत नाही. नर्सबाई कातावतात, डॉक्टर घड्याळ दाखवतात, वन्सं ढिम्म.

घरीही तशाच. खरं सांगायचं तर लग्नानंतरची पहिली काही वर्षं मी त्यांना वचकून होते. मी जरा काही मोघम बोलले की "म्हणजे नक्की काय?" असं विचारून माझी बोलती बंद करायच्या.

आमचे हे रंगाच्या दुकानात शेड बनवतात. भिंतीचा पोपडा घेऊन गिऱ्हाईक येतं आणि हे हुबेहूब तोच रंग डब्यात उतरवून देतात. दुकानात मशीन आहे, पण मशीनने घोळ घातला की डबा ह्यांच्यापुढे येतो. दोन वर्षांपूर्वी ह्यांचं हृदय कमजोर झालं. पाय सुजायचे, जिना चढताना दम लागायचा. डॉक्टरांनी डिगॉक्सिन नावाची हृदयाची गोळी दिली, शिवाय अंगातलं पाणी काढायला लघवीची गोळी. गेल्या वर्षी सूज परत आली म्हणून लघवीची गोळी दुप्पट केली. पंधरा दिवसांत पाय पूर्वीसारखे झाले. मी सुटकेचा निःश्वास टाकला.

पण ह्यांची जेवणावरची वासना उडाली. आणि दुकानातून भलतीच तक्रार आली. एका आठवड्यात पांढऱ्या रंगाचे तीन डबे परत! गिऱ्हाइकं म्हणाली, भिंत निळसर दिसतेय. नमुना शेजारी असला की ह्यांचा रंग बरोबर जुळायचा, नुसता पांढरा मात्र बिघडायचा. हे दुकानात कुणाशी धड बोलेनात. इतक्या वर्षांत ह्यांचा एक डबा परत आला नव्हता.

त्याच सुमारास ठरलेली रक्ततपासणी झाली. हृदयावर किती ताण आहे ते दाखवणारा आकडा अकराशेवरून तीनशेवर उतरला होता. डिगॉक्सिनचं प्रमाण होतं एक पूर्णांक आठ, आणि कागदावर छापलेली हद्द होती दोनपर्यंत. तपासणाऱ्या डॉक्टरांनी दोन्ही आकड्यांवर बोट ठेवून सांगितलं, "उत्तम! आहे तेच चालू ठेवा."

वन्सं त्या दिवशी रजेवर होत्या. संध्याकाळी आमच्याकडे आल्या, चहाचा कप बाजूला सारला आणि रिपोर्ट उघडला.

"गोळी किती वाजता घेतली होतीस?"

"रक्त देऊन आल्यावर," हे म्हणाले. "ताई, तूच तर डोक्यात भरवलंयस."

"म्हणजे आकडा फुगलेला नाही." त्यांनी पान उलटलं. मागच्या पानावर पोटॅशियम साडेतीनच्या वर हवं तिथे दोन पूर्णांक नऊ होतं आणि मूत्रपिंडाचा आकडा चढला होता. तिकडे कुणी पाहिलंच नव्हतं. "जेवतोयस ना नीट?"

"कसलं जेवण!" मी मध्येच म्हणाले. "ताट पाहिलं तरी ह्यांना मळमळतं. त्यात दुकानात डबे परत येतायत."

"कसले डबे?"

मी सगळं सांगितलं. हे चिडले. "पांढरा पिवळट मारत होता म्हणून मी निळ्याचा थेंब टाकला. त्यात माझं काय चुकलं?"

वन्संनी रिपोर्टची कोरी बाजू त्यांच्यापुढे धरली. "हा कागद कसा दिसतो?"

"पिवळट. जुना आहे का?"

"आज दुपारी छापलाय."

वन्संनी तिथल्या तिथे हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांना फोन लावला. आवाज एकदम स्वच्छ होता. "साहेब, माझ्या भावाचं डिगॉक्सिन एक आठ आहे, पण लघवीची गोळी दुप्पट केल्याने पोटॅशियम दोन नऊवर आलंय. ते घसरलं की हीच गोळी हृदयावर उलटते. मूत्रपिंड मंदावलंय, म्हणजे ती बाहेरही पडत नाहीये. मळमळ आहे आणि त्याला पांढरं पिवळं दिसतंय, दोन्ही ही गोळी अंगात साठल्याच्याच खुणा."

पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"कागदावरची हद्द जुनी आहे, साहेब. हृदय कमजोर असेल तर एकच्या आत ठेवायचं, हे तुम्हीच मागच्या बैठकीत सांगितलंत."

फोन ठेवून त्या म्हणाल्या, "चला. आत्ता बोलावलंय."

"वन्सं, सकाळी नेलं तर नाही का चालणार?"

"चप्पल घाल गं," त्या म्हणाल्या, आणि भावाचा शर्ट खुंटीवरून काढला.

हृदयाचा आलेख काढला तेव्हा ठोके मिनिटाला बेचाळीस होते, मधला एखादा गळतही होता. मोठे डॉक्टर वन्संकडे वळून म्हणाले, "बरं झालं आणलंत." गोळी बंद केली, पोटॅशियम सलाइनमधून हळूहळू दिलं, आणि तीन दिवस ह्यांना मशीनला जोडून ठेवलं. चौथ्या दिवशी ह्यांनी जेवण मागून घेतलं. घरी सोडताना लघवीची गोळी निम्मी केली. ती हृदयाची गोळी पुन्हा दिलीच नाही. डोळ्यांपुढचा पिवळेपणा जायला आणखी आठवडा लागला. मग हे कामावर गेले.

मला 'उत्तम' म्हणणाऱ्या त्या डॉक्टरांचा राग आला होता. वन्संना नव्हता. "त्याने छापलेलं वाचलं," त्या म्हणाल्या. "छापलेलंच बदलायला हवं." लॅबच्या प्रमुखांनी आधी हात झटकले, म्हणाले, हा फॉर्म वर्षानुवर्षं चालत आलाय. वन्सं दुसऱ्या बैठकीला पुन्हा जाऊन बसल्या आणि हद्द बदलून घेतली. शिवाय पोटॅशियम कमी असेल तर त्याच पानावर ठळक लिहायचं आणि वॉर्डाला फोन करायचा, हेही ठरवून घेतलं.

तेवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. मागच्या सहा महिन्यांचे डिगॉक्सिनचे सगळे रिपोर्ट काढून त्यांनी एकेक पान पुन्हा वाचलं. गोळीचं प्रमाण एकच्या वर आणि पोटॅशियम कमी, अशा चार जणांची यादी करून ती मोठ्या डॉक्टरांपुढे ठेवली. चौघांनाही बोलावणं गेलं. तिघांची गोळी कमी करून भागलं. चौथी एक निवृत्त शिक्षिका होती, तिला दाखल करावं लागलं. पाच दिवसांनी ती स्वतःच्या पायांनी जिना उतरून घरी गेली.