निरोपाआधी कडी

मेधाताईंचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होतो. "आई गेली रे," एवढंच त्या म्हणाल्या, आणि जरा थांबून, "येताना बंडूचे फुटाणे घेऊन ये. डबा रिकामा आहे." सुमनकाकू दहा दिवस हॉस्पिटलात होत्या, त्यामुळे बातमी अगदी अनपेक्षित नव्हती. तरी मी पोळीचा तुकडा परत डब्यात ठेवला. डोळ्यांसमोर काकूंचा चेहरा यायला हवा होता. आली ती त्यांच्या गेटची कडी... याला आता पाच आठवडे झाले.

काकूंच्या गाझियाबादच्या घरात मी वरच्या खोलीत भाड्याने राहायला आलो तो उमरग्याहून, स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. वडील, म्हणजे आबा, शिंपीकाम करतात. तीन प्रयत्न फुकट गेले तेव्हा मी गावी परत जायला निघालो होतो. काकूंनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी बसवलं आणि नोकरीचे अर्ज लिहून घेतले. एकेका अर्जाचे तीन-तीन मसुदे. आज मला जी नोकरी आहे ती त्या टेबलावरून मिळालेली आहे. काका गेल्यावर मुलीने, मेधाताईंनी, कितीदा गुरुग्रामला बोलावलं, पण काकू म्हणायच्या, "बाराव्या मजल्यावर बंडू कुठे हुंदडणार?"

बंडू हा त्यांचा तांबडा, लांब कानांचा कुत्रा. स्वभावाने गरीब, पण लक्ष म्हणून एका जागी नाही. खार दिसली की खारीमागे, वाऱ्यावर प्लास्टिकची पिशवी उडाली की तिच्यामागे. बाहेर रस्त्यावर सारख्या गाड्या. मी एकदा सुचवलं, भिंत उंच करू. काकू म्हणाल्या, "भिंत उंच केली तर तो उडी शिकेल. त्यापेक्षा रेघ शिकू दे." त्यांनी गेटच्या आत दोन पावलांवर लाल विटांची एक ओळ मांडली. रोज सकाळी दोरी धरून त्याला अंगणाच्या कडेने फिरवायच्या, विटांपाशी आल्या की म्हणायच्या, "थांब." थांबला की एक फुटाणा. दोरी ताणायची नाही, ओरडायचं नाही. समोरचे शर्माजी भिंतीवरून चिडवायचे, "भाभीजी, आपका कुत्ता मराठी मीडियम का है क्या?" काकू म्हणायच्या, "बिल्कुल. और आपके लड़के से पहले पास होगा." शर्माजींचा मुलगा तेव्हा बारावीला दुसऱ्यांदा बसला होता.

शिकवणी संपेपर्यंत घराला एक नियम होता. आधी कडी, मग निरोप. कुणी जायला निघालं की त्याला बाहेर काढायचं, कडी लावायची आणि मग गेटवरून काय बोलायचं ते बोलायचं.

गेल्या वर्षी आबा मला भेटायला आले. चार दिवस राहिले, काकूंच्या गाद्यांना नव्या खोळी शिवून दिल्या. निघायच्या दिवशी दुपारी मी त्यांची पिशवी घेऊन मेट्रोपर्यंत सोडायला निघालो. काकू आत आडव्या झाल्या होत्या. आमच्या गावाकडे जाणाऱ्याच्या पाठीवर दार लावत नाहीत. माणूस वळणाआड जाईपर्यंत दार उघडं ठेवायचं, नाहीतर त्याला वाटतं, सुटलो एकदाचे. गेटला हात लावला तेव्हा मला नियम आठवला होता, हे मी आज लिहून टाकतो. आबा मागे वळून पाहत होते. त्यांच्यासमोर कडी वाजवायला मला संकोच वाटला... वळणावरून परत येऊन लावू, असं मी ठरवलं. वळण आलं, आणि आबा आईच्या गुडघ्यांबद्दल बोलू लागले.

त्याच वेळी लग्नाची घोडी घेऊन कुणी तरी रस्त्याने गेलं. तिच्या गळ्यातल्या घुंगरांमागे बंडू बाहेर पडला. अख्खी गल्ली त्याला "आजा, आजा" करत होती, पण त्याला कळत होतं फक्त मराठी. मराठी बोलणारे तिथे दोघंच, आणि त्यातला एक मेट्रोच्या जिन्यावर. म्हणून काकू सत्तरी उलटलेल्या पायांनी घरातल्या सपातांवर धावल्या. बंडू सापडला. काकू मात्र नाल्यावरच्या फरशीवरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात मेधाताई म्हणाल्या, "आई, गेट उघडं कसं राहिलं?" मी पलंगाच्या पायथ्याशी उभा होतो. काकू म्हणाल्या, "मीच विसरले गं. वय झालं." मेधाताई बाहेर गेल्यावर मी काही बोलणार, तोच त्या म्हणाल्या, "गप्प बस. तुझ्या वडिलांना कळलं तर ते परत या घरात पाऊल टाकतील का?" आणि मी गप्प बसलो. त्यांनी सांगितलं म्हणून, आणि सोयीचं होतं म्हणूनही. त्यानंतर त्या वॉकरशिवाय चालल्या नाहीत. शेवटी छातीत कफ साठला. डॉक्टर म्हणाले, हालचाल कमी झाली की असं होतं. त्यांनी ते सहज सांगितलं...

काकूंचे दिवस झाल्यावर मी मेधाताईंना सगळं सांगितलं. त्या खोळीच्या शिवणीवरून बोट फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "त्या कडीला तेल घाल. गंजलीय."

काकूंना नेलं त्या दिवशी गेट दुपारभर सताड उघडं होतं. येणाऱ्या-जाणाऱ्यांत कुणाला कडीचं भान? बंडू विटांच्या अलीकडे बसून होता. थांब म्हणणारं कुणी नव्हतं.

परवा आबा भेटून गेले. निघताना मी त्यांना बाहेर काढलं, आणि ते वळायच्या आत कडी लावली. ते थबकले. "पाठीवर दार लावतोस?" गेटच्या गजांतून मी त्यांना त्या दुपारचं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. पिशवी खाली ठेवली, गजांमधून हात घालून कडी दोनदा ओढून पाहिली, आणि मग म्हणाले, "येतो."