दात बांधले होते तेव्हा

आमच्याकडे भाकरी वाळवून ठेवतात. उन्हात ती अशी कडक होते की तुकडा मोडला तरी बाहेर ओसरीवर बसलेल्याला ऐकू जातं. गुलबर्ग्याच्या दवाखान्यात क्लोरोफॉर्मच्या गुंगीतून वर येताना मला तोच आवाज येत होता. कुणीतरी माझ्या कानाशी बसून कडक भाकरी खातंय आणि मला देत नाही. मला भयंकर राग आला. ‘मला दे’ म्हणायला गेले, तर तोंडच उघडेना. वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधून टाकले होते.

तशी ती तार माझ्या भल्यासाठीच होती. लहानपणी शेतात पाखरं राखायच्या माळ्यावरून मी खाली पडले. जबडा मोडला, फडक्यानं बांधून ठेवला आणि तो वाकडाच जुळला. हनुवटी एका अंगाला गेली, तोंड बोटभरच उघडू लागलं. माझी सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच, म्हणून लग्नात काही अडलं नाही. पण पहिला मुलगा झाला आणि मी खंगत चालले. खाणंच पोटात जात नव्हतं, तर अंगावर दूध कुठून येणार? तेव्हा गुलबर्ग्याला कचेरीत नोकरीला असलेला माझा थोरला भाऊ, आमचा अण्णा, हटून बसला. बाळाला आत्याजवळ ठेवून तो मला सर्व्हिस मोटारीनं घेऊन गेला आणि डॉक्टरांनी माझा जबडा पुन्हा मोडून सरळ बसवला.

दवाखान्यातले दिवस मला सलग आठवत नाहीत. पांढरी भिंत आठवते, तिच्यावरून सरकणारं ऊन आठवतं. ऊन कपाटापर्यंत आलं की दूध यायचं. एक दाढ काढून फट ठेवली होती, तिच्यातून बोंडल्यानं दूध, डाळीचं पाणी, पातळ आंबील आत सोडायचे. बोंडलं म्हणजे तान्ह्या पोरांना पाजायचं चोचीचं भांडं. अण्णानं ते घरूनच आणलं होतं, माझ्याच बाळाचं. पोर तिकडे वाटी-चमच्यानं पीत असेल आणि त्याची आई इकडे त्याच्या बोंडल्यानं पितेय, या विचारानं मला हसू फुटायचं. मग नर्सबाई दखनीत दटावायची, “हसो नक्को अम्मा, तार ढीली होती.” डोळा लागला की मी भीमेच्या वाळवंटात काकड्या खात बसलेली असायची, कचाकचा, दोन्ही हातांनी. जाग आली की तोंडात पुन्हा दुधाची चव.

निघताना डॉक्टरांनी अण्णाला बजावलं. उशाशी पक्कड ठेवा, उलटी आलीच तर तारा तोडून टाका. आणि तारा काढल्यावर खरं काम सुरू होईल. रोज तोंड उघडायचं, दुखलं तरी उघडायचं. हयगय केली तर जबडा पहिल्यासारखा आखडून बसेल, मग आमच्याही हातात काही नाही.

घरी आले, तर बाळ माझ्याकडे येईना. हात पुढे केले की आत्याच्या मानेत तोंड खुपसायचा. त्याचं तरी काय चुकलं? सुजलेले गाल, फडक्यात बांधलेली हनुवटी आणि ही बाई एक शब्द बोलत नाही. “आरं, आई हाय की रं तुझी. कामून रडायलास?” असं आत्या त्याला म्हणायची आणि उचलून न्यायची मात्र तीच. मी जळायची. एरवी मी घर डोक्यावर घेतलं असतं. पण दात बांधलेल्या माणसाला भांडता येत नाही, हे त्या आजारपणातलं सगळ्यांत मोठं दुखणं होतं.

त्यातच गावात भलतंच पसरलं. सून गुलबर्ग्याहून आली, बोलत नाही, अन्न घेत नाही, नुसत्या दुधावर आहे. म्हणजे हिनं मौन धरलंय, असं बायकांनी ठरवून टाकलं. एक म्हातारी येऊन चक्क माझ्या पाया पडली. मग रोज कुणी ना कुणी यायला लागली. “माय, म्हस गाभण ऱ्हाईल का?” मी वैतागून मान झटकली की ते ‘न्हाई’ आणि पेंगताना मान कलली की ते ‘व्हय’. आत्या दारातूनच ओरडायची, “आगं, डाक्टरनं तारा बांधल्यात, मौन कसलं डोंबलाचं!” पण ऐकतंय कोण? येणारी प्रत्येक जण तांब्याभर दूध आणायची आणि आपलं पोर माझ्या मांडीवर घालायची. गावातली सगळी पोरं माझ्या मांडीवर येऊन गेली, एक माझं सोडून.

एका दुपारी आत्याचा डोळा लागला होता आणि झोळीत बाळ कुरकुरायला लागलं. मी दोरी ओढली. गाणं म्हणावं तर शब्द फुटत नव्हते, म्हणून बंद दातांमागूनच घुमले, “अंऽऽ”. तो गप्प झाला. झोळीच्या काठावरून दोन डोळे वर आले. मी पुन्हा घुमले. जरा वेळानं झोळीतून उत्तर आलं, “अंऽऽ”.

मग दुपारी दुपारी आमचं हेच चालायचं. धाब्याचं घर, छपरातल्या झरोक्यातून पडलेला उन्हाचा तुकडा, त्यात तरंगणारी धूळ आणि त्या उजेडात आम्ही दोघं, बिनदाताचा तो आणि दात बांधलेली मी. मी ओठ मिटून घुमायची, तोही ओठ मिटून घुमायचा. तो हळूहळू माझ्या मांडीवर यायला लागला. आम्ही पाण्याखाली बसून बोलतोय असं मला वाटायचं. आयुष्यात इतकी सुखी मी क्वचितच झाले असेन.

तारा काढायला अण्णा पुन्हा घेऊन गेला. वाटभर मी शब्द साठवत होते. परत आल्या आल्या बाळाला म्हणाले, “सोन्या, ये.” घोगरा, परका आवाज निघाला. पोरानं दचकून भोकाड पसरलं. मी घाईघाईनं दात मिटले आणि घुमले, तेव्हा कुठे तो शांत झाला.

तेव्हापासून मी तोंड मिटूनच घेतलं. उघडायला गेलं की कानापर्यंत कळ जायची आणि वर पोरगं रडायचं, मग कशाला उघडायचं? डॉक्टरांनी दातांत धरायला दिलेली लाकडी पट्टी मी फडताळात मागे सारली. जबडा दिवसेंदिवस आवळत चाललाय हे मला कळत होतं. कळूनही मी ती पट्टी बाहेर काढली नाही.

अशात बाळाच्या उष्टावणाचा दिवस आला. पोराला पहिलं अन्न मामानं चाटवायचं, म्हणून अण्णा आला. ओसरीवर बायका जमल्या. बाळ माझ्या मांडीवर बसलं. निजाम सरकारचा, चारमिनार छापलेला चांदीचा हाली रुपया अण्णानं खिरीत बुडवला आणि त्याच्या ओठांशी नेला.

बाळानं ओठ घट्ट मिटले आणि घुमलं, “अंऽऽ”.

सगळ्या हसल्या. अण्णानं पुन्हा रुपया नेला, पोरानं पुन्हा ओठ मिटले. तिसऱ्या खेपेला कुणी हसलं नाही. आत्या माझ्यासमोर येऊन बसली. तिचे डोळे भरले होते.

“तुझंच बघून शिकलंय ते,” ती म्हणाली. “तू मिटून बसायलीस, ते बी मिटून बसायलंय. त्यानं जेवायचं का न्हाई?”

अण्णा रुपया तसाच धरून होता, खीर त्याच्या बोटांवरून ओघळत होती. तो हळूच म्हणाला, “तू उघड आधी, बाई.”

मी बाळाला माझ्याकडे वळवलं आणि तोंड उघडलं. बोटभर उघडलं आणि अडलं. मी आणखी जोर केला. कानाजवळ काहीतरी कडकन वाजलं, वाळल्या भाकरीसारखं, डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी ‘आऽऽ’ केलं.

बाळ रडलं नाही. ते माझ्या तोंडात बघत राहिलं. दात, जीभ, टाळा, असलं काही त्यानं माझ्याकडे कधी पाहिलंच नव्हतं. त्यानं एक बोट आत घालून बघितलं. मग माझ्याकडे बघत बघत त्यानं आपलं तोंड उघडलं, चांगलं मोठ्ठं, आणि अण्णानं रुपया त्याच्या जिभेवर टेकवला.

मग अण्णानं तोच रुपया पुन्हा खिरीत बुडवला आणि माझ्या जिभेवर टेकवला. कळ मस्तकात जात होती, गालांवरून पाणी वाहत होतं. पण तोंड मी मिटलं नाही. बाळ बघत होतं, आणि वाटीत अजून खीर होती.