मी लातुरात केलेला भूकंप

आता तुम्ही चहाला थांबलाच आहात, तर माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसरा कुणी सांगेल तर तिखटमीठ लावून सांगेल. मी फक्त मीठ लावतो!

लातुरात क्लासचं पीक जोरात आलं होतं, त्या काळातली गोष्ट. नायगाव, कंधार, मुरुड, कुठून कुठून पोरं यायची. एका खोलीत चौघं, मेसचा डबा आणि डोक्यात डॉक्टर व्हायचं वेड. वरच्या मजल्यावर फिजिक्सचा क्लास, खाली माझा एसटीडी बूथ. क्लास सुटला की रांग थेट पानटपरीपर्यंत! रांगेतच कुणी पोरगी डोळे पुसायला लागली की मी म्हणायचो, "रड बाई, पण फोन लागल्यावर रड. आत्ताच संपवू नको."

आणि मग मोबाइल आला. रांग आटत गेली. हळूहळू बूथमध्ये मी आणि माशा एवढंच उरलं. शेवटी ठरवलं, ज्यानं पोटावर पाय दिला त्याचेच पाय धरायचे. सिमकार्डाची एजन्सी घ्यायची! आमच्या गल्लीत एकच मिळणार होती. मिळाली तर दुकान राहणार, नाही तर शटर ओढून मेहुण्याच्या खताच्या दुकानात पोती उचलायची. आणि मेहुणा कसा आहे ते तुम्हाला माहीत नाही म्हणून बरं!

शेजारच्या रफिकभाई टेलरांनीही अर्ज केला होता. मी त्यांना प्रेमानं समजावलं, "भाई, तुम्ही काज-बटनं बघा. हे टेक्निकल काम हाय."

"हाव अण्णा," म्हणाले आणि पुन्हा शिलाईला लागले.

खरं सांगू? तोवर मी स्वतः मोबाइल हातात धरलाच नव्हता. पण फोन म्हणजे फोन! इतकी वर्षं बूथ चालवलेल्या माणसाला कोण शिकवणार?

कंपनीचे साहेब पुण्याहून जागा बघायला आले, भर दुपारी, गळ्यात टाय. मी खुर्ची पुसली, चहा मागवला. साहेबांनी विचारलं, "फोन चार्जिंगला कुठं लावू?" प्लग होता पत्र्याच्या मांडणीपाशी. त्यांनी फोन मांडणीवर ठेवला आणि म्हणाले, "आवाज बंद केलाय, म्हणजे आपल्या बोलण्यात अडथळा नको."

आता त्या मांडणीबद्दल सांगतो, हसू नका. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर आमच्याकडं घरोघरी एक सवय लागली होती. फुलपात्र पालथं घालायचं, त्यावर तांब्या, तांब्यावर दुसरं फुलपात्र. जमीन जराशी हलली की खणखणाट, आणि माणसं बाहेर. बाकीच्यांनी कधीच ती उतरंड मोडली. मी नाही मोडली. त्या पहाटे माझी मावशी गेली. माझी झोप तेव्हापासून सावधच आहे. म्हणून उतरंड घरीही होती आणि दुकानात त्या मांडणीवरही.

तर साहेब विचारत होते, "काउंटर किती फुटांचा?" मी सांगत होतो, "तुम्ही म्हणाल तेवढा करू." आणि एवढ्यात मांडणी थरथरली. घर्रर्र! तांब्या डुलला. आणि खण्ण!

"भूकंप! पळा!"

साहेबांचा टाय माझ्या मुठीत, टायच्या मागे साहेब, आणि आम्ही दोघं समोरच्या मैदानात!

"अहो, माझा फोन..."

"साहेब, फोन दुसरा मिळंल! पुण्याला बायकापोरं हायत तुमची!"

माझा आवाज तुम्हाला ठाऊक आहे. वरचा क्लास जिन्यावरून धबाधबा खाली आला. सर्वांत पुढं कोण? सर! हातात खडू तसाच. मग पानटपरी आली, मेस आली, अर्ध्या दाढीला फेस लावलेलं एक गिऱ्हाईक आलं. कुणी म्हणालं भिंतीला चीर गेली. एकजण म्हणाला, "मला तर लई चक्कर आली." पोरांनी पटापट घरी फोन लावले. कंधारची एक आई फोनवर रडतेय, इकडं लेक रडतेय!

आणि मी? छाती पुढं काढून उभा. "पहिला धक्का मी ओळखला! आता दुसरा येणार. कुणीबी आत जायचं न्हाई!" साहेब दोनदा निघाले, दोनदा मी ओढून बसवले. एक जीव वाचवल्याचं समाधान काय असतं, ते त्या दहा मिनिटांत मी पुरेपूर भोगलं.

मग माझ्या बूथमधून रफिकभाई बाहेर आले. गळ्यात मोजायची टेप, हातात साहेबांचा फोन.

"साहेब, हेड ऑफिसचा फोन आलाय. दोनदा आला म्हणं. मी उचलला. आवाज बंद केला की हा थरथर करून राहिलाय. त्यानंच तांब्या पाडला."

सगळं मैदान माझ्याकडं वळलं.

मी तरी सोडतोय का? "भाई, तुम्ही पळाला कसं न्हाई?"

"पळालो की, दारापर्यंत. पण माझ्या दुकानात खुंटीला टांगलेली दुसरी टेप जागची हलली न्हाई. म्हटलं, जमीन हलली तर टेप बी हललीच असती. मग बघाया आलो, अण्णाकडं एकट्याकडंच काय हलायलंय."

आधी एक पोरगं हसलं, मग सगळं मैदान. सर हसत नव्हते. खोटं वाटेल, पण वर ते कंपनाचाच धडा शिकवत होते! मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. कंधारच्या त्या माउलीला मी स्वतः फोन लावून माफी मागितली.

साहेबांनी टाय सरळ केला. "काका, आम्हाला फोन विकणारा माणूस हवाय. तुम्ही फोन आला की गल्ली रिकामी करता."

एजन्सी रफिकभाईंना मिळाली. मी शटर ओढायला निघालो, मेहुण्याचा चेहरा डोळ्यांपुढं येत होता, तोच भाईंनी हाताला धरलं. "अण्णा, मला शिलाईतून सवड कुठं? काउंटर तुम्ही बघा. बोलायला तुमच्यावानी माणूस न्हाई." एवढं होऊनही असं म्हणणारा माणूस! डोळ्यांत पाणी आलं माझ्या.

पहिल्या दिवशी दुकान गिऱ्हाइकांनी भरलेलं. भाईंनी दुकानाचा कोरा करकरीत मोबाइल माझ्या हातात ठेवला आणि सगळ्यांदेखत, अगदी अदबीनं विचारलं,

"अण्णा, ह्याला आवाजावर ठेवू, का भूकंपावर?"