दसऱ्याच्या ओळीतली मोकळी जागा

जर्मनीच्या लढाईच्या काळात मला धड झोप लागत नसे. कोल्हापुरात दरबारच्या पागेत मी चाबुकस्वार होतो. नवी जनावरं खोगिराला तयार करणं हे माझं काम. पूर्वी सगळं सरळ होतं. जितके घोडे म्हातारे होत, साधारण तितकीच शिंगरं दर साली मोठी होऊन माझ्या हाताखाली येत. लढाईनं ते गणित विस्कटलं. लष्कराची मागणी येईल तशी चांगली जनावरं मुंबईच्या बोटीवर गेली आणि त्यांत पैदाशीच्या घोड्याही गेल्या. आता शिंगरं यायची कुठून? शिंगरू काय चुलीवर शिजतं, की जाळ वाढवला म्हणजे लवकर होईल?

पण दसऱ्याच्या स्वारीत पागेची ओळ भरलेली दिसायलाच हवी, हा आमच्याकडचा रिवाज. मोकळी जागा म्हणजे अपशकुन. म्हणून आमचे पागेदार, म्हणजे पागेचे वरिष्ठ, कच्च्या शिंगरांवर स्वार बसवू लागले. ती लंगडी होत, पुढच्या दसऱ्याला आणखी जागा मोकळ्या पडत, आणि त्या भरायला आणखी कोवळी शिंगरं. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. अंथरुणावर पडलो तरी पाय हलत राहायचे.

शेवटी पागेदारांचं बोट राखाडी शिंगरीकडं वळलं. तिची आई बोटीनं गेलेली. तिच्यावर माझा जीव होता, लपवायचं कशाला?

"घाल की खोगीर," ते म्हणाले.

"न्हाय, साहेब. तिची पाठ अजून भरल्याली न्हाय. आता कोण बसलं तर जन्माची लंगडी हुईल."

"आणि ओळीत भोक पडलं तर माझं नाक जाईल, त्याचं काय?"

"मी धरून चालवतो की तिला. जागा भरली म्हंजे झालं न्हवं?"

ते चिडले, पण दुसरं जनावर होतंच कुठं? दसऱ्याला मी तिला मोकळ्या पाठीनं, लगाम धरून ओळीतून चालवलं. लोक हसले. हसू देत. पुढं घाई न करता मी तिला घडवलं. तशी घोडी पागेत दुसरी उरली नव्हती.

मग पुन्हा मागणी आली. लष्कराचा घोडेवैद्य एकेकाचे पाय तपासत फिरला. घाईत खोगीर चढवलेली सगळी जनावरं त्यानं नापास केली. ती पागेतच राहिली, चंदी खात. माझी घोडी त्यानं पहिल्या नजरेत पास केली. ठेसनावर तिला डब्यात मीच चढवलं, कारण दुसऱ्या कुणाच्या हातानं ती चढेना.